परताव्याचे आमिष आणि नावाची चोरी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या गोड दिवशी चोरांविषयी बोलावे, हे कित्येकींना विचित्र वाटेल. पाककृती, भरतकाम, फार तर मुलांचे आरोग्य, हे आपल्या समारंभांचे नेहमीचे विषय. परंतु विषयाची निवड मंडळाने मजवर सोपवली, आणि मी मुद्दामच हा विषय घेतला. कारण ज्या चोरांविषयी मी बोलणार आहे ते कुलूप फोडून येत नाहीत. ते पत्र लिहून येतात. पत्रावर सरकारचे बोधचिन्ह असते, भाषा आर्जवाची असते, आणि ‘आम्ही पैसे न्यायला नव्हे, द्यायला आलो आहोत’ असे ते सांगतात. अशा पाहुण्याची ओळख तो उंबरठ्यावर असतानाच झालेली बरी.

तसे पाहिले तर ही जात नवी नाही. ‘दागिने उजळून देतो’ म्हणत दारावर येणारा आणि सोने झिजवून बांगड्या परत करणारा माणूस आपल्या आज्यांच्याही माहितीचा होता. ‘आजी, पुढे दंगल झाली आहे, अंगावरचे काढून रुमालात बांधा’ असे सांगणारा तोतया पोलीस तर अजूनही रस्त्यारस्त्यांवर भेटतो. नीट पाहा, ह्या दोघांनीही हिसकावून काही घेतले नाही. बाईने आपल्या हातांनी काढून दिले. एकाने लाभ दाखवला, दुसऱ्याने भय दाखवले. करपरताव्याचे खोटे पत्र म्हणजे ह्या दोन युक्त्यांची बेरीज होय. ‘तुमचे पैसे आले आहेत’ हा लाभ, आणि ‘आज रात्रीपर्यंत माहिती भरा, नाहीतर परतावा रद्द’ हे भय.

आता, खरा परतावा म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. खरे नाणे हातात घेतल्यावाचून खोटे ओळखता येत नाही.

आपल्यापैकी पुष्कळजणी म्हणतील, ‘आम्हांला कुठला आयकर?’ पण आज बहुतेकींच्या नावे बँकेत ठेवी आहेत, कोणाला कुटुंबनिवृत्तिवेतन आहे, कोणी शिकवण्या घेते, कोणी डबे देते. १ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमाप्रमाणे बँकेतील ठेवींचे व्याज वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर गेले, ज्येष्ठ नागरिक असल्यास १,००,००० रुपयांच्या वर गेले, की बँक त्यातून दहा टक्के कर आधीच कापून सरकारात भरते. पॅन दिलेला नसेल तर हीच कपात वीस टक्के होते. एखादीचे एकूण उत्पन्न करपात्र नसले तरी ही कपात होऊन बसते. मग तिने विवरणपत्र भरायचे, आणि जास्तीचा कापलेला कर सरकारने परत करायचा. हा झाला परतावा. म्हणजे तो सरकारने दिलेले बक्षीस नव्हे. आपलेच पैसे, आपण मागितल्यावर, हिशेब तपासून परत येतात.

ह्यातून पहिली खूण हाती लागते. ज्या बाईने विवरणपत्रच भरले नाही, तिला परतावा ‘मंजूर’ होणार कोठून? दळण टाकलेच नाही आणि गिरणीवाला पीठ घेऊन दारात उभा राहिला, तर आपण डबा पुढे करू, की ‘बाबा, हे कोणाचे?’ म्हणून विचारू?

आणि जिने भरले आहे तिचे काय? तिचे विवरणपत्र बंगळूरच्या केंद्रात तपासले जाते, आणि परतावा तिच्या बँक खात्यात परस्पर जमा होतो. १ मार्च २०१९ पासून तो केवळ पॅनशी जोडलेल्या खात्यातच जमा करण्याचे धोरण आयकर खात्याने ठरवले. तो खाते क्रमांक तिने खात्याच्या संकेतस्थळावर आधीच नोंदवून पडताळून घेतलेला असतो. तेव्हा परतावा मिळण्यासाठी कार्डाचा क्रमांक, पाठीमागचे तीन आकडे, पिन, पासवर्ड वा ओटीपी ह्यांतले काहीएक लागत नाही. आयकर खाते ही माहिती पत्राने वा ई-मेलने कधीही मागत नाही, असे ते स्वतःच वारंवार जाहीर करीत आले आहे. आपल्या खात्यात पैसे घालायला आपल्या तिजोरीची किल्ली कशाला हवी? डाकपेटीत पत्र टाकणाऱ्याला पेटी उघडावी लागत नाही, तसेच हे आहे. यूपीआयचेही तेच. तेथील पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी नव्हे.

आता खोट्या पत्राचे दोन नमुने सांगते, दोन्ही प्रत्यक्ष घडलेले.

२०२३ साली असंख्य फोनांवर एक संदेश आला. तुमचा १५,४९० रुपयांचा परतावा मंजूर झाला आहे, अमुक खात्यात लवकरच जमा होईल, खाते क्रमांक चुकीचा असल्यास खालील लिंकवर दुरुस्त करा, अशा अर्थाचा तो होता. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचे जाहीर केले. ह्यातील कसब ध्यानात घेण्यासारखे आहे. रक्कम पाहा. पंधरा लाख म्हटले असते तर कोणी विश्वास ठेवला नसता. १५,४९० म्हटले, म्हणजे कोणीतरी खरोखर हिशेब केला असावा असे वाटते. खाते क्रमांकाची गोष्ट तर त्याहून धूर्तपणाची. संदेशातला क्रमांक आपला नसतोच. वाचणारीला वाटते, अरे, माझे पैसे भलत्याच्याच खात्यात चालले! आणि ती पैशाच्या लोभाने नव्हे, तर चूक सुधारण्याच्या घाईने लिंकवर बोट ठेवते. तेव्हा ‘लोभी माणसेच फसतात’ हे म्हणणे खरे नाही. नीटनेटकी, व्यवस्थित, कागद वेळेवर करणारी बाई ह्या गळाला आधी लागते.

दुसरा नमुना २०२१ च्या सप्टेंबरातला. संगणकसुरक्षेचे काम पाहणाऱ्या ‘सर्ट-इन’ ह्या सरकारी संस्थेने ‘ड्रिनिक’ नावाच्या एका घातकी ॲपविषयी इशारा दिला. सत्तावीसांहून अधिक भारतीय बँकांच्या ग्राहकांवर त्याचा रोख होता. रीत अशी की, आधी परताव्याचा संदेश येई, त्यातील लिंक आयकर खात्याच्या संकेतस्थळासारख्याच दिसणाऱ्या पानावर नेई, आणि तेथे पडताळणीसाठी म्हणून एक ॲप उतरवून घ्यायला लावीत. ते ॲप संदेश वाचण्याची, फोनच्या नोंदी पाहण्याची परवानगी मागे. मग नाव, पॅन, आधार, जन्मतारीख, खाते क्रमांक, कार्ड, पिन असे सारे भरून घेई. शेवटी परताव्याची रक्कम दाखवून ‘वर्ग करा’ म्हणे. बटण दाबले की काहीतरी बिघाड झाल्याचे दिसे आणि ‘अद्ययावत करणे चालू आहे’ असा पडदा येई. बाई बिचारी वाट पाहत बसे, आणि पडद्याआड तिची सारी माहिती चोराकडे पोहोचलेली असे. जुन्या खेळांत पडदा पडला की खेळ संपे. येथे पडदा पडल्यावर खेळ सुरू होतो.

सोंगे दरवर्षी बदलतात. आधारशी न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले आणि निष्क्रिय पॅनवर परतावा मिळत नाही, ही गोष्ट खरी. तिचाच आधार घेऊन ‘तुमचे पॅन बंद पडले आहे, परतावा अडकला आहे’ अशी पत्रे निघतात. २०२४ च्या अखेरीस ‘पॅन २.०’ ह्या योजनेला मंजुरी मिळाली, आणि पाठोपाठ ‘नवे ई-पॅन येथून उतरवून घ्या’ अशी खोटी ई-मेल फिरू लागली. विवरणपत्राची मुदत, जी सामान्य पगारदार-पेन्शनरांस बहुधा ३१ जुलैची असते, जवळ आली की ह्या पत्रांना ऊत येतो. वर्तमानपत्रातली बातमी खरी असते, तिच्या नावाने आलेले पत्र मात्र खोटे असते.

मग ओळखायचे कसे? काही खुणा सांगते.

पहिली खूण पत्त्याची. आयकर खात्याचा संकेतस्थळाचा पत्ता ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ असा आहे. पण पत्ता नुसता ओझरता पाहू नये, शेवटाकडून वाचावा. पाकिटावर ‘सदाशिव पेठ, पुणे’ असे ठळक लिहून खाली जिल्हा भलताच घातला, तर पत्र त्या भलत्या जिल्ह्यातच जाईल. तसेच येथे. ‘जीओव्ही डॉट इन’ च्या पुढे आणखी एक टिंब देऊन दुसराच शब्द जोडला असेल, किंवा मधे एखादे अक्षर कमीजास्त असेल, तर ते घर सरकारचे नव्हे. पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र दिसले म्हणजे सारे ठीक, असेही समजू नये. ते कुलूप एवढेच सांगते की वाटेत तुमचे बोलणे कोणी ऐकत नाही. पलीकडे बसलेला साव आहे की चोर, हे ते सांगत नाही. बँकांच्या बाबतीत एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांना आपले संकेतस्थळ ‘बँक डॉट इन’ असा शेवट असलेल्या पत्त्यावर नेण्यास सांगितले. तेव्हा आपल्या बँकेचा पत्ता एकदा पासबुकावर लिहून ठेवावा.

दुसरी खूण संबोधनाची. ‘प्रिय करदाता’, ‘प्रिय ग्राहक’ अशी मोघम सुरुवात दिसली की सावध व्हावे. अर्थात नाव बरोबर घातले म्हणून पत्र खरे ठरत नाही, कारण नावेही बाजारात विकली जातात.

तिसरी खूण घाईची. सरकारी कामाची आणि घाईची गाठ कधी पडली आहे, हे आपण सगळ्याच जाणतो! दोन तासांत उत्तर मागणारे सरकार दिसले, की ते सरकार नव्हे असे खुशाल समजावे.

चौथी खूण जोडपत्राची. पत्रासोबत आलेली फाईल उघडायला किंवा ॲप उतरवून घ्यायला सांगितले, तर तसे मुळीच करू नये.

पण मैत्रिणींनो, खुणा कितीही पाठ केल्या तरी चोर त्या पुसायला शिकतो. अशुद्ध भाषा ही एके काळी मोठी खूण होती. आता यंत्राकडून लिहवून घेतलेली पत्रे आपल्या निबंधाहून शुद्ध असतात. शिवाय आयकर खाते खरी पत्रेही पाठवते; सगळीच केराच्या टोपलीत टाकून चालणार नाही. म्हणून सर्व खुणांहून वरचढ असा एकच नियम सांगते. तो असा की, पत्राने दाखवलेल्या वाटेने कधीही जाऊ नये. पत्र आले, ठीक आहे. ते मिटावे. मग आपल्या हाताने संकेतस्थळाचा पत्ता लिहावा, आपल्या खात्यात शिरावे आणि पाहावे. परतावा असेल तर तो तेथे दिसेल. नोटीस असेल तर तीही दिसेल. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक घालण्याची पद्धत सुरू झाली, आणि तो क्रमांक खरा की खोटा हे संकेतस्थळावर तपासता येते. अनोळखी माणूस म्हणाला, ‘बाई, तुमच्या भावाने बोलावले आहे, माझ्याबरोबर चला,’ तर आपण त्याच्याबरोबर जात नाही. भावाला आपण स्वतः फोन करतो. तसेच हे.

आता विषयाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे वळते. पैसे गेले तर एकदाच जातात. नाव गेले तर ते पुनःपुन्हा लुटले जाते.

नावाची चोरी महाराष्ट्राला अपरिचित नाही. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे काही वर्षांनी ‘मीच भाऊ’ म्हणत एक तोतया उभा राहिला. त्याने कोकणातले किल्ले घेतले, फौज जमवली, आणि १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा होईपर्यंत पेशवाईला घोर लावला. त्या काळी तोतयाला निदान चेहरा, चाल, बोलणे तरी जुळवावे लागे. ओळखणारी माणसे समोर आणून साक्षी घेता येत. आजच्या तोतयाला आपला चेहरा नको असतो. पॅनचे दहा अक्षर-अंक, आधारचे बारा आकडे, जन्मतारीख, एक सही आणि एक ओटीपी एवढ्यावर तो ‘आपण’ होऊ शकतो. मग आपल्या नावावर कर्ज निघते, आपल्या नावावर सिमकार्ड घेतले जाते, आपल्या नावाने खाते उघडून त्यातून दुसऱ्या कोणाचे लुटलेले पैसे फिरवले जातात. आणि दारात येतात ते वसुलीवाले वा पोलीस, ते मात्र खऱ्या बाईच्या दारात!

म्हणून घरातील कागदपत्रांकडे दागिन्यांच्या नजरेने पाहायला शिकले पाहिजे. आधारची प्रत मागितली तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते, ती द्यावी. आपल्या बोटांचे व डोळ्यांचे ठसे आधारच्या ॲपमधून कुलूपबंद करता येतात, तेही करावे. प्रत देताना तिच्यावर कशासाठी दिली व कोणत्या तारखेस, हे लिहून सही करावी. कार्डांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर फिरवू नयेत, आणि झेरॉक्सच्या दुकानात फोनवरून पाठवलेली प्रत तेथील यंत्रातून पुसून घ्यावी. आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत, हे २०२३ साली सुरू झालेल्या ‘संचार साथी’ ह्या सरकारी संकेतस्थळावर कळते. आपल्या नावावर कोणती कर्जे आहेत, हे सांगणाऱ्या सिबिलसारख्या चार कंपन्या आहेत, आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळण्याचा आपला हक्क आहे. आयकराच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणात आपल्या पॅनवर झालेले मोठे व्यवहार दिसतात. त्यात न केलेला व्यवहार दिसला, तर समजावे की कोणीतरी आपले नाव पांघरले आहे.

आणखी एक गोष्ट, आपल्या घरी कामाला येणाऱ्या बायांना अवश्य सांगा. ‘तुझे खाते थोडे दिवस वापरू दे, दोन हजार देतो’ असे कोणी म्हटले तर कदापि ऐकू नये. दोन हजारांपायी ती बिचारी चोराची भागीदार ठरते.

इतके करूनही फसवणूक झालीच तर? तर पहिल्या तासाला मोल आहे. १९३० हा फोन क्रमांक सर्वांनी पाठ करावा. तेथे तक्रार नोंदली की पोलीस व बँका मिळून पैसा ज्या खात्यात गेला असेल तेथे अडवून धरण्याचा प्रयत्न करतात. चोर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हलवतो. जितका उशीर तितके ते हाती लागणे अवघड. त्यापाठोपाठ बँकेला कळवून कार्ड व खाते थांबवावे, आयकराच्या खात्याचा पासवर्ड बदलावा, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर लेखी तक्रार करावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात एक तत्त्व घालून दिले. ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे. म्हणजे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. दुसऱ्याची ओळख चोरणे व दुसरा असल्याचे भासवून संगणकाद्वारे फसवणे, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क आणि ६६ ड ह्या कलमांखाली तीन वर्षांपर्यंत कैदेचे गुन्हे आहेत. तेव्हा पोलीसचौकीत जाताना आपण उपकार मागायला चाललो आहोत, असे मानण्याचे कारण नाही.

आता शेवटचा मुद्दा. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. फसवणूक झाली की बाई पहिल्याप्रथम काय करते? ती गप्प बसते. ‘ह्यांना काय सांगू?’, ‘मुलगा ओरडेल’, ‘सून हसेल’ ह्या विचारांत रात्र जाते, कधी आठवडाही जातो, आणि जो तास मोलाचा होता तो हातचा निघून जातो. चोराला आपल्या अज्ञानापेक्षा आपल्या लाजेचा अधिक उपयोग होतो. पुढे केव्हातरी गोष्ट फुटते, आणि घरात निकाल लागतो, ‘तुला हे व्यवहार हवेत कशाला? फोन आण इकडे, मी पाहतो.’ पैसे गेले ते गेलेच, पण त्यांच्याबरोबर स्वतःच्या नावावरचा स्वतःचा व्यवहारही गेला. बायकांच्या हाती पासबुक यायला किती काळ लागला, हे येथल्या वडीलधाऱ्या भगिनींना मी सांगायला नको. ते पासबुक एका खोट्या पत्रापायी पुन्हा दुसऱ्याच्या कपाटात जावे, हे मला सोसवत नाही. घरातील कर्त्या पुरुषांनाही माझी विनंती आहे की, बाईने येऊन सांगितले तर आधी १९३० ला फोन लावा. बोलणी मागाहून खाता येतील. खरे म्हणजे मागाहूनही नकोतच. डॉक्टर, वकील, बँकेतली माणसेही ह्या जाळ्यात सापडली आहेत.

आणि आपल्या मंडळाला एक सूचना करते. दरवर्षी जूनअखेर एक दुपार ह्या कामासाठी ठेवावी. ज्यांना संकेतस्थळ उघडता येते त्यांनी ज्यांना येत नाही त्यांच्याशेजारी बसावे. मात्र पासवर्ड ज्याचा त्यानेच टंकावा, शेजारणीने मान वळवावी. प्रत्येकीने एक मैत्रीण ठरवून ठेवावी, जिला संशयास्पद पत्र आल्याबरोबर फोन करून वाचून दाखवता येईल. खोटे पत्र मोठ्याने वाचले की निम्मे तेथेच उघडे पडते. आणि एकमेकींत असा शब्द द्यावा की, कोणी फसली तर तिला हसायचे नाही. भिशी आपण विश्वासावर चालवतो, वर्षानुवर्षे चालवतो. तोच विश्वास येथे लावला, तर परताव्याचे आमिष घेऊन येणाऱ्याला आपल्या गल्लीत गिऱ्हाईक मिळणार नाही.